पहिला फेरा

१२ जानेवारी, सोमवार

कान देऊन ऐकलं, हीच चूक झाली!

साक्षीची तयारी करून घ्यायला श्वानपथकाच्या हवालदाराला बोलावलं होतं. गोदामाच्या आगीचा खटला सरकारतर्फे माझ्याकडे आहे. कापडाचं गोदाम जळालं, आत झोपलेला हमाल गेला. आरोपी त्याच गोदामाचा राखणदार. पुरावा म्हणावा तर एकच. पेट्रोलच्या कॅनच्या मुठीला बांधलेली चिंधी पोलिसी कुत्र्याला हुंगवली, आणि कुत्रं राखणदाराच्या खोलीसमोर जाऊन बसलं. त्याचं चित्रीकरण आहे. बाकी सगळं तोंडी लावायला. आदल्या आठवड्यात राखणदाराची आणि हमालाची बाचाबाची झाली होती, राखणदार जागेवर नव्हता, वगैरे.

हवालदार गप्पिष्ट. चहा आला तसा आणखी खुलला. "मॅडम, आमचा बादशहा म्हणजे सोनं. इतक्या वर्षांत एकदाच चुकला. ते सराफाच्या दुकानाचं प्रकरण. ज्याच्यापुढे बसला, तो नोकर चोरीच्या वेळी नेमका दवाखान्यात, पाय प्लॅस्टरमध्ये! मग काय, मिटवलं ते. कोर्टात गेलंच नाही." आणि खो खो हसला.

मीही हसले. मग कप खाली ठेवला. कोर्टात गेलं नाही, म्हणजे बचावाच्या वकिलाला ते कधीच कळणार नाही. माहीत फक्त पोलिसांना. आणि आता एका कप चहापायी मला!

१३ जानेवारी

ऐकलंच नाही असं धरून चाललं तर? हवालदार स्वतःसुद्धा एव्हाना विसरला असेल.

सकाळचा चहा दोनदा गरम केला, दोनदा गार झाला.

१४ जानेवारी

ती आली होती. गेलेल्या हमालाची बायको. तारीख नसली तरी येते, ऑफिसबाहेरच्या बाकावर बसते. गोदामामागच्या गल्लीत राहते, दारातच मशीन टाकून लोकांचे कपडे शिवते. मागच्या महिन्यात माझ्या काळ्या कोटाची बाही खिळ्याला अडकून टर्रकन फाटली, तर तिने पिशवीतून सुईदोरा काढून तिथेच बसल्या बसल्या शिवून दिली. शिवण शोधूनही सापडत नाही. माझ्या डब्यातलं मी तिला देते. फिर्यादीच्या साक्षीदारांपासून चार हात लांब राहावं, असं आमच्या ऑफिसचे मोठे साहेब सांगतात. पण भुकेल्या माणसासमोर एकटीने डबा खायचा कसा, ते नाही सांगत.

आज नवऱ्याबद्दल बोलली. "तापट होता हो. हातही उचलायचा. भांडण झालं की गोदामात जाऊन झोपायचा, सकाळी निमूट घरी यायचा. त्या दिवशीही तसाच गेला." उठताना माझा हात घट्ट धरला. "ताई, त्याला सोडू नका."

"नाही सोडणार," म्हणाले. म्हणून बसले! जिभेला हाड नसतं ते हे असं.

१५ जानेवारी

मोठ्या साहेबांना सांगितलं. आडून आडून, दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखं. साहेबांचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत. लगेच ओळखलं आणि उठून दार लावून घेतलं.

"आपल्या फाइलीत आहे का ते?"

"नाही."

"मग आपल्याला माहीत नाही."

"पण मला तर—"

"हे बघ. मागवलं की येतं. आलं की द्यावं लागतं. म्हणून मागवायचं नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?"

आमच्या ऑफिसचा हा जुना रिवाज. दुसऱ्या ठाण्याच्या जुन्या तपासाबद्दल काही हवं असेल तर फोनवर विचारायचं. लेखी मागितलं की उत्तराची नोंद होते, आणि नोंद झाली की बचावाला प्रत द्यावी लागते. फोनवरचं हवेत विरून जातं. एवढी वर्षं मीही फोनच करत आले. नवीन आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात, कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सांगताना सोबतच.

बाहेर पडताना साहेब म्हणाले, "बढतीची यादी महिनाअखेरीस जातेय बरं का." हसत म्हणाले. ते हसणं फार वाईट होतं.

बचावाचा वकील सरकारनेच नेमून दिलेला. भला माणूस, पण मागच्या तारखेला माझं बोलणं चालू असताना घोरला. न्यायाधीशांनी पेन टेबलावर आपटलं तेव्हा दचकून उठला आणि म्हणाला, "हरकत आहे!" कशाला, ते त्यालाही ठाऊक नाही. याच्या हातून काही निघायचं नाही. मी गप्प बसले तर राखणदार जन्मठेपेवर जाणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी. आणि दोर माझ्या हातात.

पण तो संन्यासी आहे हे तरी कशावरून? कुत्रं एकदा चुकलं म्हणजे दर वेळी चुकतं का? काही कळत नाही!

१६ जानेवारी

साहेबांना द्यायची चोख उत्तरं सगळी आज सुचली. भाजी निवडताना.

१८ जानेवारी, रविवार

सुट्टी कसली! डोक्यात कोर्ट भरलेलंच.

नवऱ्याला विचारलं. नाव-गाव न सांगता, नुसतं आपलं. हा दातांचा डॉक्टर. म्हणाला, "दुखत नसलेला दात आपण होऊन काढू नये."

"आणि एक्स-रेमध्ये कीड दिसली तर?"

"एक्स-रे काढायला सांगितला कुणी होता तुला?" म्हणजे हाही साहेबांच्याच शाळेतला!

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, याला तुमच्या कोर्टात काय म्हणतात ते मला माहीत नाही. घरात आम्ही लपवणं म्हणतो." नवरा पेपरामागे गेला.

संध्याकाळी मोत्याला फिरवून आणलं. आमचं कुत्रं म्हणजे अर्क. मी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबले की बसतो. शेजारच्या काकूंशी बोलायला थांबले की बसतो. आज गंमत म्हणून रस्त्यात मध्येच, काही कारण नसताना थांबले. बसला! दोरी जरा ताणली गेली, माझे पाय थांबले, की झालं. त्याला ना दुकानाशी मतलब ना काकूंशी. सगळा मतलब माझ्याशी.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच प्रश्न. चित्रीकरणात हवालदार आधी थांबतो की कुत्रं आधी बसतं? मी ते इतक्या वेळा पाहिलंय, आणि दर वेळी नुसतं कुत्र्याकडेच पाहिलंय.

१९ जानेवारी

ऑफिसात गेल्या गेल्या लावलं.

राखणदाराच्या खोलीसमोर हवालदार आधी थांबतो. दोरी ताठ होते. मग बादशहा वळून त्याच्या तोंडाकडे पाहतो. आणि मग बसतो.

पुन्हा लावलं. तसंच. सगळा तपास एका माणसाच्या पायांवर उभा आहे, आणि राखणदारावर संशय आहे हे त्या माणसाला आधीच सांगितल्याचं तपासाच्या कागदांतच लिहिलंय!

दुपारी सराफाच्या तपासाच्या कागदांची मागणी पाठवली. लेखी. चित्रीकरणासकट सगळं. सहीचं अक्षर सासूबाईंसारखं आलं.

२० जानेवारी

काय करून बसले मी!

२१ जानेवारी

साहेबांना कळलंच. बोलावलं नाही. तेच सगळ्यात वाईट. जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीकडे बघत उतरले.

ती बाकावर होती. आज तिच्यासमोर डबा उघडायचं धाडस झालं नाही. फोन आल्याचं नाटक करून मागच्या दाराने बाहेर गेले, गाड्या लावतात तिथे उभ्याने खाल्लं. दोन मुलांची आई मी, आणि लपते कुणापासून? जिने माझी बाही शिवली तिच्यापासून. ती न्यायासाठी हेलपाटे घालतेय आणि मी तिच्याच खटल्याचा पाया उकरतेय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२३ जानेवारी

आलं! वाटलं होतं त्याहून जास्त आलं.

सराफाच्या प्रकरणात कुत्र्याला दोनदा सोडलं होतं. दोन्ही फेऱ्यांचं चित्रीकरण आहे. पहिल्या फेऱ्यात दोरी सैल. बादशहा पुढे, हवालदार मागून जवळजवळ पळत. कुत्रं नोकरांच्या रांगेवरून सरळ पुढे गेलं आणि सराफाच्या भाच्यासमोर बसलं. हवालदाराचा आवाज ऐकू येतो, "अरे, घरातल्या माणसापुढे काय बसतोस!" आणि ओढून नेतो. दुसऱ्या फेऱ्यात हवालदार कुबडीवर उभ्या त्या नोकरासमोर थांबतो. दोरी ताठ. कुत्रं बसतं.

नोकर तर चोरीच्या वेळी दवाखान्यात होता. आणि पुढे चोर कोण निघाला? भाचाच! दागिने विकताना सापडला. घरातलाच, म्हणून सराफाने घरातच मिटवलं.

म्हणजे बादशहा चुकलाच नव्हता. पहिल्या फेऱ्यात त्याने बरोबर माणूस दाखवला होता. चुकला तो माणूस.

हवालदाराला फोन लावला. "पहिला फेरा तुम्ही सोडून का दिलात?"

"आम्ही पहिला फेरा धरतच नाही मॅडम. कुत्रं बावचळलेलं असतं हो, भलतीकडेच जातं. जरा फिरवून आणायचं, मग खरा फेरा. माझ्या उस्तादांपासून असंच चालत आलंय."

"गोदामाच्या वेळीही पहिला फेरा झाला होता?"

"झाला की."

"कुठे गेला होता बादशहा?"

"आता काय आठवणार? सरकारी वकिलांना नुसता खरा फेरा लागतो ना, तेवढाच कापून पाठवतो आम्ही."

फोन ठेवला आणि आमचं चित्रीकरण पुन्हा लावलं. सुरुवातीलाच, चिंधी हुंगण्याच्याही आधी, बादशहाची जीभ बाहेर आहे. धापा टाकतोय. इतक्यांदा पाहिलं आणि हे दिसलं नाही! आंधळं दळतंय आणि कुत्रं... नको, म्हणसुद्धा आज नको.

गोदामाचा पहिला फेराही मागवला. लेखी. आता भिऊन तरी काय होणार आहे?

(भीती वाटतेच आहे.)

२४ जानेवारी

सराफाचं सगळं बचावाच्या वकिलाच्या हातात दिलं. तो माझ्याकडे आणि पाकिटाकडे आळीपाळीने बघत राहिला.

"हे मला का देताय?"

"द्यावं लागतं म्हणून."

"आजवर कुणी दिलं नव्हतं."

"वाचा. आणि बघा. कुत्र्याकडे नको, दोरीकडे बघा."

२७ जानेवारी

हवालदाराची साक्ष झाली. झोपाळू वकील आज झोपला नाही. कोट इस्त्रीचा, आवाज खणखणीत. मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस कधी काळी वकील असणार. दोन्ही चित्रीकरणं शेजारी शेजारी लावायला लावली आणि हवालदाराला एवढंच विचारलं, "आधी कोण थांबलं?"

हवालदाराने बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. "मी," म्हणाला. बिचारा लबाड नाही. त्याला स्वतःला माहीतच नव्हतं. आपलं कुत्रं आपल्याकडेच बघत होतं हे त्याला भर कोर्टात कळलं, आणि त्याचा चेहरा बघवेना.

न्यायाधीशांनी मला विचारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले की या फेऱ्यावर विसंबून कुणाला दोषी ठरवा असं सरकार पक्ष म्हणू शकत नाही. माझाच आवाज, पण दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. गोदामाचा पहिला फेरा मागवलाय, येताच हजर करते, हेही सांगितलं.

राखणदार कठड्यात उभा होता. हसला नाही, हात जोडले नाहीत. नुसता खाली बसला. पोलिसाने उठवलं तर पुन्हा बसला.

बाहेर ती. जिन्याच्या कठड्याला टेकून. "सोडणार नाही म्हणाला होतात, ताई." एवढंच. मी काहीतरी बोलायला गेले, तोवर ती वळून निघून गेली होती. गाडीत बसून रडले. मोठ्याने रडले. काचा लावून घेतल्या होत्या.

२९ जानेवारी

बढतीच्या यादीत नाव नाही. सोमवारपासून तीन आठवड्यांत हा खटला दुसऱ्याकडे सोपवायचा आणि मी वाहतुकीच्या गुन्ह्यांकडे. साहेबांनी स्वतः सांगितलं, गोड आवाजात. "तुला जरा विश्रांती हवी."

नवऱ्याला सांगितलं. वाटलं, आता ऐकवणार. त्याने चहा टाकला. साखर विसरला, पण टाकला. म्हणाला, "कीड होती ना? मग काढलास ते बरं केलंस." याच माणसाशी मी लग्न केलंय हे मधूनमधून आठवतं.

३० जानेवारी

राखणदार जामिनावर सुटला. त्याची बहीण न्यायला आली होती. मला बघून नुसती मान हलवली.

बाक रिकामा. आजही आली नाही ती.

२ फेब्रुवारी, सोमवार

आली! सकाळी येऊन बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी. मला बघून उठली. म्हटलं आता शिव्या देईल, द्याव्याच. तिने माझ्या कोटाच्या बाहीवरून बोट फिरवलं. "टिकलीय," म्हणाली.

मग म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी बोलले ते मनात ठेवू नका. तुम्ही तुमचं काम केलंत. गेला तो गेला. आता नको हे सगळं. मिटवून टाका. आणखी कुणाला कशाला त्रास?"

केवढं मन या बाईचं! मी तिला म्हणाले, असं नाही मिटत, गोदामाचा पहिला फेरा अजून यायचाय, तो आला की कदाचित खरं काय ते कळेल. तुला न्याय मिळेल. तिने ऐकून घेतलं. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली.

आज डबा आम्ही दोघींनी खाल्ला. तिने फारसं खाल्लं नाही. मी मात्र कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

५ फेब्रुवारी

चित्रीकरण सापडलंय म्हणे, उद्या पाठवतात. सासूबाई विचारतात, गाणं काय गुणगुणतेस? मी गुणगुणत होते?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला फेरा आला.

दोरी सैल आहे. बादशहा राखणदाराच्या खोलीकडे ढुंकूनही न बघता पुढे जातो. मागच्या गल्लीत वळतो. एका दारात शिवणाचं मशीन. त्याच्यापुढे जाऊन बसतो. ती दारात उभी आहे. हवालदार म्हणतो, "अरे चल, यांचं तर माणूस गेलंय!" आणि ओढतो. कुत्रं उठत नाही. ती कुत्र्याकडे बघत नाही. तिच्या हातात पिशवी आहे आणि ती बंद बोटाला गुंडाळतेय.

कॅनवरची चिंधी नवऱ्याच्या कपड्याची असेल. एका घराचा एकच वास. असेल. असू दे!

मीच मागवलं. आलं. आता द्यायला हवं.

कोट खुंटीवर आहे. बाहीचा एक टाकाही उसवलेला नाही.